दाजींची एकुलती एक चूक

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं नसतं, नोकरीच्या अर्जात ज्या ओळीवर त्याचं नाव येतं त्या ओळीत लिहिलेलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आख्ख्या बेळगाव जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घराच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. त्यांचं स्वतःचं नाव मी इथं देणार नाही. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं नावानं हाक मारत नाहीत. आक्कानं तर जन्मात त्यांचं नाव उच्चारलं नाही, आणि आमच्या आईला ते विचारलं तर ती "जावईबापू" एवढं बोलून चुलीकडं वळायची. ज्या माणसानं जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांची नावं घासूनपुसून लखलखीत करून दिली, त्याचं नाव घेणारं त्याच्या घरात कोणी नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. "मला कुटं नोकरी मागायची हाय? मग नाव घिऊन काय करू?" असं ते म्हणत.

दाजी लोकांना अर्ज लिहून देत. बेळगावच्या कचेरीसमोर एका चिंचेखाली त्यांची बैठक होती. अंगात काळा कोट, खाली धोतर, डोक्याला पटका, कानामागं टाक आणि पुढ्यात दोन दौती. राहायला मात्र ते शहापुरात. त्या काळी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं, मधे फक्त एक रस्ता. त्यामुळं "मी रोज सकाळी संस्थान सोडून विलायतेत कामाला जातो" असं ते पाहुण्यांना सांगत, आणि नवखा पाहुणा त्यांच्या पायांतल्या धुळीनं भरलेल्या वहाणांकडं बघत राही. अर्जातला मजकूर ते जवळजवळ डोळे मिटून लिहीत. 'मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हंबली'पासून 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'पर्यंत सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. पण नावाची जागा आली की हात थांबायचा. मग ते टाक बदलत, दुसऱ्या दौतीचं बूच काढत, उठून तोंडावर पाणी मारून येत आणि समोरच्या माणसाकडं वैद्यानं रोग्याकडं बघावं तसं बघत. "सायब निस्तं नाव वाचतोय," ते समजावून सांगत, "बाकीचं समदं माश्या वाचत्यात."

त्यांच्या हाती आलेलं नाव जसंच्या तसं परत गेलं असं सहसा होत नसे. आमच्या भागात मुलं जगत नसली की पुढच्या पोराचं नाव मुद्दाम दगडू, धोंडू, केरू असं ओबडधोबड ठेवतात, म्हणजे देवाची दृष्ट तिकडं वळत नाही. देवाची वळत नाही तिथं साहेबाची कशी वळणार, असा दाजींचा रोकडा सवाल होता. निपाणीच्या बाजूचा एक भिकू त्यांच्याकडं आला. त्याला तंबाखूच्या वखारीत मुकादमाची जागा हवी होती. दाजी कळवळून म्हणाले, "बाबा, भिकू म्हणून अर्ज केलास तर सायब भीक घालंल, नोकरी न्हाय घालायचा." आणि त्यांनी त्याला भिकाजीराव करून पाठवलं. जागा मिळाली. आठ दिवसांनी भिकूची आई भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन वखारीच्या दारात उभी राहिली, तर पहारेकरी म्हणाला, "हितं भिक्या कोन न्हाय. हितं भिकाजीराव हाईत, आनि त्ये कामात हाईत." म्हातारी तिथून जी निघाली ती मिळेल त्या बैलगाडीनं तडक बेळगावला, आणि चिंचेखाली येऊन तिनं दाजींना सगळ्या कचेरीदेखत विचारलं, "माझं पोरगं कुटं घातलंस रं?" दाजींनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्याच गाठोड्यातली अर्धी भाकरी खात तिला तिच्या मुलाचं नवं नाव पाठ करून घ्यायला लावलं. जाताना म्हातारी दाजींच्या पटक्याकडं बघून हात जोडून गेली.

नाव लिहिण्याआधी ते ओरडून बघायचं हा त्यांचा आणखी एक नेम. कचेरीत उमेदवारांना आत बोलावताना पट्टेवाला व्हरांड्यातून तीनदा पुकारा करतो. तिसऱ्या हाकेला माणूस आला नाही तर त्याचा कागद तळाला जातो. तेव्हा नाव पट्टेवाल्याच्या तोंडात बसलं पाहिजे आणि गर्दीच्या वर निघालं पाहिजे. शहापुरात त्यांच्या घराला लागून विणकरांची घरं, आणि दिवसभर मागांची खटखट. दाजी संध्याकाळी आक्काला परसात उभं करत, आपण पुढच्या दारात जात आणि दिवसभरात आलेली सगळी नावं एकेक करून ओरडत. आक्काला जे नाव मागांच्या आवाजातून ऐकू येई ते पास, जे येत नसे ते दुरुस्तीला. सुरुवातीला शेजारच्या विणकरांना वाटलं की दारात कोर्टाचा बेलिफ आला आहे. दोघे जण तर माग तसाच टाकून मागच्या भिंतीवरून उडी मारून गेले. पुढं सगळ्यांना सवय झाली, आणि एखादं नाव फारच बारीक निघालं तर विणकरच आतून ओरडायचे, "दाजी, ह्येला काय दम न्हाय!"

आमचा मुलूख असा की एकाच माणसाला दोन कोसांवर वेगळं नाव पडतं. कोल्हापूरकडं तोंड केलं की तो रामराव, धारवाडकडं केलं की रामाप्पा, आणि घरी आला की राम्या. दाजींना हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. कानडी गिऱ्हाईक आलं की ते "हेसर एन्री?", म्हणजे नाव काय, असं विचारून सुरुवात करत आणि अर्ज कुठं जाणार हे विचारल्याशिवाय पुढं सरकत नसत. कुठल्या कचेरीत आडनाव आधी लागतं, कुठल्या कचेरीत आडनावाला कोणी विचारत नाही, कुठला हेडक्लार्क आद्याक्षरांपुढचं टिंब नसेल तर कागद बाजूला सारतो, याची त्यांच्याकडं एक फाटकी वही होती. त्या वहीला आम्ही घरची मंडळी चोरून हसत असू. मी जरा जास्तच हसत असे, आणि त्याचं फळ मला मिळालं.

मी इंग्रजी चार यत्ता करून आमच्या गावी, बेळगुंदीला, घरी बसलो होतो. लोंढ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची जागा निघाली. त्याच सुमारास नंदगडची एक मुलगी मला सांगून आली होती. मी तिला एकदाच, तेही ती पाण्याचा तांब्या देऊन लगबगीनं आत जाताना, पाहिलं होतं, आणि तेवढं मला पुरे झालं होतं. पण तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरीचा कागद दावा आनि पोरगी न्या. कागद न्हाय तर पोरगी न्हाय." त्यामुळं त्या जागेवर माझी भाकरीच नव्हे तर सगळा जीव टांगलेला होता. मी हसणं सोडून मुकाट्यानं दाजींच्या चिंचेखाली जाऊन बसलो.

दाजींनी माझ्या नावावर आठ दिवस काढले. आता इथं आमच्या घरातल्या नावांबद्दल सांगायला हवं. नातवानं आज्याचं नाव चालवायचं अशी आमच्याकडं रीत असल्यामुळं आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नावं दोनच. आजा परशराम, बाप यल्लाप्पा, आणि मी परत परशराम. म्हणजे मी परशराम यल्लाप्पा गावडे आणि आमचे आप्पा यल्लाप्पा परशराम गावडे. दाजींना माझं नाव पहिल्यापासूनच खटकत होतं. "परशराम म्हंजे हातात कुऱ्हाड घिऊन दारात हुबा. सायबानं आत घ्यायचं तरी कसं?" असं ते म्हणाले. मग त्यांनी पी. वाय. गावडे करून बघितलं, ते मागांच्या आवाजात टिकलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ते हसतमुखानं आले. रेल्वेची थोरली कचेरी मद्रासेत आहे आणि मद्रासी लोक बापाचं नाव आधी व स्वतःचं मागून लिहितात, हे त्यांना वहीत सापडलं होतं. "मद्रासच्या सायबाला मद्रासच्या चालीनं लिवलेलं नाव दिसलं की त्येला वाटणार, ह्यो आपलाच मानूस! आनि कुऱ्हाडवाला आपसूक मागं जातोय बग." असं म्हणून त्यांनी नवा टाक काढला, दौतीचं बूच उघडलं आणि अतिशय देखण्या अक्षरात लिहिलं, 'यल्लाप्पा परशराम गावडे'. त्या अक्षराकडं बघताना माझ्याही डोक्यात काही आलं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

तीन आठवड्यांनी बेळगुंदीत पोस्टमन आला. गावात कोणाला पत्र येणं हीच मोठी गोष्ट, त्यातून हे सरकारी. त्यानं देवळापुढं उभं राहून खणखणीत आवाजात पुकारलं, "यल्लाप्पा परशराम गावडे! लोंढ्याला सायबापुढं हजर व्हा!" आणि पारावर तंबाखू मळत बसलेले आमचे आप्पा सरळ उठून म्हणाले, "व्हय, मीच."

मी शेतातून येईपर्यंत गावानं आप्पांना जवळजवळ रेल्वेत लावून टाकलं होतं. कोणी त्यांच्यासाठी नवा पटका आणला होता, कोणी मुलासाठी एखादी जागा बघा म्हणून सांगत होतं. मी त्यांना आत नेऊन सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्ये समदं खरं, पोरा. पर कागद माझ्या नावाचा हाय. म्या न्हाय गेलो तर सरकार काय म्हनंल?" दाजींना निरोप गेला. ते आक्काला घेऊन संध्याकाळपर्यंत बेळगुंदीला आले, कागद हातात घेतला, एकदा माझ्याकडं आणि एकदा आप्पांकडं पाहिलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसले. या घराचे जावई असून, आमच्या दोन्ही नावांची उलटापालट लग्नाच्या पत्रिकेपासून ठाऊक असून, ते नावाच्या नादात माणूस विसरले होते. आक्का म्हणाली, "सगळ्या जगाची नावं नीट लिवली, आनि माझ्या भावाचं बरं उलटं लिवलं!" दाजींनी कानामागचा टाक काढला आणि उंबऱ्यावर ठेवून दिला.

शेवटी आम्ही तिघेही लोंढ्याला गेलो. स्टेशनाच्या आवारात पंधरा-वीस उमेदवार उभे होते. पट्टेवाल्यानं "यल्लाप्पा परशराम गावडे!" असा पुकारा केला. मी पाऊल उचलायच्या आत आप्पा नव्या पटक्यासकट "आलो जी!" म्हणून आत घुसले, आणि त्यांच्या मागून मी. आत एक गोरा साहेब आणि धारवाडकडचा एक हेडक्लार्क बसला होता. हेडक्लार्कनं अर्ज बघितला, आप्पांना बघितलं आणि परत अर्ज बघितला.

"वय एकोनीस?" त्यानं विचारलं.

"एकोनिसावं लागलं तवा ह्येची आई घरात आलती," आप्पा म्हणाले.

"इंग्रजी चार यत्ता?"

"त्ये ह्येला इचारा जी. म्या निस्ता नावाचा धनी."

तेवढ्यात खिडकीबाहेरून दाजींचा पटका वर आला आणि त्यांनी मद्रासची चाल, बेळगावची चाल, आज्याचं नाव नातवाला देण्याची रीत आणि आपली चूक हे सगळं एका दमात इंग्रजीत सांगितलं. मला त्यातलं 'हंबली' तेवढं कळलं. ते तीन-चारदा आलं. साहेब आधी चकित झाला आणि मग इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. त्यानं मला चार ओळी लिहायला लावल्या, दोन बेरजा विचारल्या आणि मान हलवली. नोकरी मिळाली. पण हेडक्लार्क कागद उलटसुलट करत म्हणाला, "मंजुरी ह्या नावाला आलेली आहे. मी नाव बदला म्हनून वर लिहिलो तर सगळा कागद परत जातो, आनि जागा दुसऱ्याला जाते. बोल, नोकरी पायजे का नाव पायजे?"

मला नंदगडची ती पाठमोरी मुलगी दिसत होती, पण बापासमोर बापाचं नाव आपल्याला लावून घ्यायचं या विचारानं मी मान खाली घातली. आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घे रं," ते म्हणाले. "माझंच हाय, दुसऱ्याचं न्हाय."

अशा रीतीनं मी माझ्या बापाच्या नावानं नोकरीला लागलो आणि नंदगडची मुलगी आमच्या घरात आली. आप्पा तर हवेतच होते. गावात कोणी विचारलं की ते सांगत, "म्या रेल्वेत हाय. पोरगं माझ्या जागी जातंय." वर्षातून एकदा, सुगी झाली की ते लोंढ्याला येत आणि सकाळची हजेरी ऐकायला मालधक्क्याच्या कुंपणाबाहेर उभे राहत. हेडक्लार्कनं "यल्लाप्पा परशराम" म्हटलं की मी आतून "हजर" म्हणे आणि आप्पा बाहेरून "हाय जी!" म्हणत. पुढं पुढं हेडक्लार्क मुद्दाम थांबून दोन्ही आवाज ऐकून घेई आणि मगच हजेरीपत्रकात खूण करी.

दाजींच्या जिवाला मात्र ते लागून राहिलं. कचेरीसमोर इतर अर्ज लिहिणारे त्यांना "काय दाजी, आज कुणाचा बाप नोकरीला लावला?" म्हणून चिडवत. चिंचेखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते आता तीन तीनदा विचारत, "तुजं नाव कंचं? बापाचं कंचं? छातीवर हात ठिवून सांग." आणि दर वर्षी दिवाळी झाली की माझं नाव सुलटं करून मिळावं असा एक नवा अर्ज लिहून ते स्वतः लोंढ्याला घेऊन येत. ते अर्ज काय होते म्हणून सांगू! चार चार पानं, प्रत्येक पानावर नम्रतेचा पूर. एका अर्जात त्यांनी रामायणातल्या दशरथाचा दाखला दिला होता. वरून उत्तर येई की विचार चालू आहे. "दाजी, सोडा की आता, माझं काय अडलंय?" असं मी म्हटलं की ते म्हणत, "तुजं न्हाय अडलं. माजं अडलंय. आयुष्यात येक चूक केली आनि ती सरकारनं जपून ठिवलीया."

बाराव्या वर्षी आप्पा गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. महिन्याभरानं मी परत कामावर रुजू झालो, त्याच आठवड्यात दाजी लोंढ्याला आले. त्यांच्या हातात मद्रासहून आलेला कागद होता. बाराव्या अर्जाला मंजुरी मिळाली होती. माझी एक सही झाली की मी पुन्हा परशराम यल्लाप्पा होणार होतो. आप्पा गेल्याचं दुःख आणि अर्ज मंजूर झाल्याचा आनंद या दोन्हींनी दाजींचा चेहरा असा काही झाला होता की त्यांच्याकडं बघवत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढं पसरला, टाक बुडवून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कर सई. सुटलो येकदाचा."

मी टाक धरून बसलो. मला दोन्ही मुलीच. आप्पांचं नाव पुढं चालवणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. गावात ते आता कोणी हाक मारत नव्हतं, शेतावर मारत नव्हतं. रोज सकाळी माणसांच्या तोंडून ते नाव एकाच ठिकाणी निघत होतं, आमच्या मालधक्क्यावर, हजेरीला. मी टाक खाली ठेवला.

"दाजी, ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "न्हाय करायची मला सई."

दाजींनी चष्मा काढला. "म्हंजे माजी चूक कायमचीच की रं?"

"व्हय दाजी. कायमची."

त्यांनी मद्रासचा कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. मंजुरी आलेली आहे तर ती नको आहे असं वर कळवणं भाग होतं, आणि ते कळवायला दाजींखेरीज कोण होतं? त्यांनी कोरा कागद घेतला. मला वाटलं, आता चार पानं होणार. पण बारा वर्षं ज्यांनी दशरथापर्यंत मजल मारली होती त्या दाजींना त्या दिवशी इंग्रजी सुचेना. त्यांनी दोनदा टाक बुडवला, दोनदा तो वाळला. शेवटी त्यांनी मराठीतच लिहिलं, 'वडील वारले. नाव राहू द्यावे.' 'मोस्ट रिस्पेक्टफुली' नाही, 'ओबिडियंट सर्व्हंट' नाही. आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी खाली सही केली, यल्लाप्पा परशराम गावडे.

आम्ही दोघे तो घेऊन हेडक्लार्ककडं गेलो. त्यानं वाचला, सही बघितली आणि चष्म्यावरून दाजींकडं पाहिलं.

"यल्लाप्पा वारले म्हनून यल्लाप्पाच लिहितोय?"

"व्हय सायेब," दाजी म्हणाले. "बरोबर हाय. आवंदा नीट लिवलंय."